आईला वरून सातारा दाखवायचाय: किल्ला, यवतेश्वर की चार भिंती?

कोथरूडची सातारकरीण

नमस्कार मंडळी. आई ७४ वर्षांची, माहेर मंगळवार पेठेत, तळ्यापासून हाकेच्या अंतरावर. बाहत्तरच्या दुष्काळात लग्न होऊन पुण्याला आली. वाडा विकून वीस वर्षं झाली, तिथे आता अपार्टमेंट आहे. दिवाळीत फराळ करता करता एकदम म्हणाली, "मला एकदा वरून सातारा बघायचाय." सगळं लहानपण अजिंक्यतारा किल्ल्याखाली गेलं, पण वर गेली दोनदाच. एकदा शाळेबरोबर, एकदा गडावरच्या मंगळाई देवीला, आणि दोन्ही वेळा म्हणे खाली बघायला कुणी थांबूच दिलं नाही.

अडचण अशी की मागच्या वर्षी उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सपाटीवर वीस मिनिटं आरामात चालते. पायऱ्या चढते, उतरताना घाबरते. शनिवारी दुपारी पोचू, मुक्काम करू, रविवारी परत. गाडी आमची आहे. (नवरा घाटात तिसऱ्या गिअरच्या वर जात नाही, तेव्हा वेळ त्या हिशेबाने सांगा.) कुठे नेऊ?

पवई नाक्याचा पप्या

यवतेश्वर घाट. समर्थ मंदिरावरून कासच्या रस्त्याला लागा, दहा-पंधरा मिनिटांत अख्खा सातारा पायाखाली. काकूंना गाडीतून उतरायचीपण गरज न्हाई. काच खाली करायची, बघायचं, येताना कंदी पेढं घ्यायचं, विषय संपला.

रोज पहाटे किल्ला

पप्या, वळणावर गाडी लावून फोटो काढणाऱ्यांना मी रोज शिव्या घालतो, त्यात आणखी एक वाढवू नकोस. ताई, घाटात थांबायचंच तर मोकळी जागा बघून, गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर घेऊन थांबा. शनिवार-रविवार कासला जाणारी पोरं वळणं कशी घेतात ते दिसेलच.

आता मूळ प्रश्न. मी अठरा वर्षं अजिंक्यताऱ्यावर फिरायला जातोय, त्यामुळे माझं माप किल्ल्याकडे झुकणार हे धरूनच वाचा. पण आधी आईंना विचारा, त्यांना काय बघायचंय? घर शोधायचं असेल तर किल्ला. लहानपणी दारातून मान वर करून बघायच्या तो किल्ला आणि त्याच्या कुशीतलं गाव, असं दोन्ही एका नजरेत हवं असेल तर यवतेश्वर. किल्ल्यावरून यवतेश्वर, जरंडा, चंदन-वंदन, मागे वळलात तर सज्जनगड, सगळं दिसतं, किल्ला तेवढा दिसत नाही. जुन्या सातारकराला ते चुकल्यासारखं वाटतं. माझ्या आत्याला वर नेलं होतं, ती पाच मिनिटांत म्हणाली, "पण किल्ला कुठंय?"

वेळेचं नीट ऐका. शहर किल्ल्याच्या उत्तरेला आहे आणि आता थंडीत सूर्य दक्षिणेकडून जातो, म्हणजे सकाळी किल्ल्याची सावली पायथ्याच्या पेठांवरच पडते. सातला गेलात तर खाली निळसर धूर आणि धुकं, घर काय, गल्लीसुद्धा ओळखू येणार नाही. नऊ-साडेनऊनंतर जा. यवतेश्वर उलट, ते शहराच्या पश्चिमेला. तिथे सकाळी ऊन डोळ्यांवर येतं, संध्याकाळी पाठीशी असतं आणि किल्ल्याचा कडा तांबूस होतो. म्हणून शनिवारी पाचच्या सुमारास यवतेश्वर, रविवारी दहाला किल्ला.

डांबरी रस्ता किल्ल्याच्या दरवाज्याजवळपर्यंत जातो. पुढे पायऱ्या, दोन दरवाजे. पायऱ्या जुन्या दगडी, एक वीतभर तर पुढची दीड वीत. आत गेल्यावर मारुतीचं देऊळ, महादेव, प्रसारभारतीचे टॉवर, ताराराणींच्या वाड्याचे अवशेष, शेवटी मंगळाई. अख्खा गड फिरायला दीड तास लागतो. तुम्ही तो नाद सोडा, शहराच्या बाजूच्या तटाशी एक बरी जागा गाठा आणि आईंना बसवा. मंगळाईच्या बुरुजाकडे गेलातच तर पायाखाली बघून. १७०० च्या वेढ्यात मोगलांनी सुरुंग लावून तट उडवला आणि तो चालून येणाऱ्या त्यांच्याच फौजेवर कोसळला. किल्लेदार प्रयागजी प्रभू त्या ढिगाऱ्यातून जिवंत निघाले. तट तेव्हापासून बराच सोसत आलाय, आपण त्यावर चढून सेल्फी काढायची गरज नाही.

गवत आता वाळलंय. आईंना साडी नको सांगा, कुसळं काठात शिरली की निघता निघत नाहीत. मोजे घातले तर जाडच घाला. आणि तिथे काडी ओढणारा कुणी दिसला तर माझ्या वतीने दोन शब्द ऐकवा. दर फाल्गुनात डोंगर पेटतो, आम्ही पाच-सहा जण ओल्या फांद्यांनी झोडपत बसतो. लावलेली रोपं कंबरेएवढी होतात आणि एका दुपारीत काळी पडतात. अंधाराच्या आत खाली या, बिबट्याचा वावर आहे.

गोडोली फिजिओ

पायऱ्यांचं एवढंच: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. उतरताना तुम्ही आईच्या एक पायरी खाली राहा, दंड धरून ओढू नका, खांद्याचा आधार द्या. काठी डाव्या हातात.

निवृत्त मास्तर

चार भिंतींचं कुणीच बोललं नाही. किल्ल्याच्याच अंगाला आहे, पण खूप खाली, त्यामुळे घरं मोठी दिसतात. १८३० साली प्रतापसिंह महाराजांनी बांधलं. राजघराण्यातल्या बायकांना दसऱ्याची मिरवणूक दिसावी म्हणून, असं आम्ही पोरांना शिकवत आलो. महाराजांना १८३९ मध्ये इंग्रजांनी गादीवरून काढून काशीला धाडलं, त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले, आणि १८५७ च्या उठावानंतर त्याच जागेला त्यातल्या हुतात्म्यांचं स्मारक म्हणायची वेळ आली. किल्ल्याच्या पायऱ्या जमल्या नाहीत तर इथे या. पायऱ्या इथेही आहेत, पण दम कमी लागतो.

कोथरूडची सातारकरीण

सर्वांचे मनापासून आभार. जाऊन आलो, म्हणून लिहिते.

यवतेश्वरला शनिवारी सव्वापाचला पोचलो (तिसरा गिअर). आई किल्ल्याकडेच बघत बसली, गावाकडे तिचं लक्षच नव्हतं. रविवारी दहाला किल्ला. पायऱ्यांना पस्तीस मिनिटं लागली. फिजिओताई, तुमचं वाक्य मी मंत्रासारखं म्हणत होते. तटाशी बसल्यावर आधी काही सापडेना. सगळीकडे काळ्या टाक्या आणि निळे पत्रे. मग तळं दिसलं. "एवढंसंच होतं होय?" म्हणाली. तिथून बोटाने गल्ल्या मोजत गेली, दोनदा चुकली, तिसऱ्यांदा एका गच्चीवर थांबली. गच्चीवर कुणीतरी गोधड्या वाळत घातल्या होत्या. "आमच्याकडे थंडीत ऊनच यायचं नाही अकरापर्यंत," म्हणाली, "आता पाचव्या मजल्यावर येतं बघ." मग बराच वेळ गोधड्याच बघत बसली.

किल्लावाले दादा, साडीच नेसली होती. ऐकते कोण. आज तिसरा दिवस, काठातली कुसळं अजून काढतेय.