अडाणीपणा नव्हे, सोयरिकीची भीती

एकांनी लिहिलंय की जनुकीय चाचणीचं किट ऑनलाइन मागवून लाळेची नळी कुरियरने पाठवली की आजार आधीच कळतात, पण लोक अडाणीपणामुळे मागे राहतात. अडाणीपणा नाही हो! आमच्या सोलापुरात खरी भीती सोयरिकीची. मामाच्या पोरीशी, काही घरांत तर सख्ख्या भाचीशी लग्न ही इथली जुनी रीत. अशा गोतावळ्यात एकाचा रिपोर्ट म्हणजे दहा घरांचा रिपोर्ट. थोरलीच्या नावापुढे 'वाहक' (म्हणजे स्वतः आजारी नाही, पण आजाराचं जनुक अंगात आहे) लागलं की धाकटीचंही स्थळ अडतं. मुलाला मात्र कुणी विचारत नाही, ते वेगळंच.

आणि जिथे खरा उपयोग आहे तिथे ऑनलाइन किट लागतच नाही. बीटा थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं वाहकपण रक्ताच्या एचपीएलसी तपासणीत (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी) कळतं. दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजाराची शक्यता 25 टक्के.

उलट ट्वेंटीथ्री अँड मी या अमेरिकी कंपनीला 2018 मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या चाचणीची परवानगी मिळाली ती बीआरसीए जनुकांतल्या (ज्यांत बिघाड झाला की या कर्करोगाचा धोका वाढतो) फक्त 3 बदलांपुरती, तेही मुख्यतः अश्केनाझी, म्हणजे मध्य-पूर्व युरोपातल्या वंशाच्या ज्यूंमध्ये आढळणारे. ज्ञात बदल हजाराहून जास्त. सोलापूरकराला त्यात 'निगेटिव्ह' आलं तर कळलं काय, कप्पाळ? पुढे 2023 मध्ये त्यांच्या सुमारे 69 लाख ग्राहकांची माहिती चोरीला गेली, 2025 मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

घरात कुणाला कमी वयात कर्करोग झाला असेल तर आधी जनुकीय समुपदेशकाला भेटा. शक्य असेल तर पहिली तपासणी त्या आजारी माणसाचीच करतात.