हँडबेलचा फिरता बास: चार आवर्तनांनंतर गढूळ का होतो?

दर्यापूरकर: नमस्कार मंडळी. नाताळासाठी हँडबेलच्या, म्हणजे हातात धरून वाजवायच्या घंटांच्या, दोन सप्तकांच्या संचावर (जी४ ते जी६, २५ घंटा; अक्षर पाश्चात्त्य सुराचं, आकडा सप्तकाचा) नवी रचना बांधतोय. बास (सगळ्यात खालची, पुन्हा पुन्हा फिरणारी सुरावट) चार मापांचा, म्हणजे चार बारचा: सी५, बी४, ए४, जी४, प्रत्येक सूर माप भरून. लय मिनिटाला ७२ ठोके, आवर्तनं ८. चार आवर्तनांनंतर वरचे आवाज वाढले की खालचं सगळं गढूळ होतं. शिवाय कापूस वेचणीत पोरं तालमीला येत नाहीत. बास कोणाकडे द्यावा?

वऱ्हाडी कॉयर: दोष डँपिंगचा, म्हणजे घंटेचा नाद थांबवण्याचा आहे भाऊ. सी५ गुंजत असताना बी४ वाजली की अर्ध्या सुराची टक्कर होते, आणि मोठ्या घंटा लवकर विझत नाहीत. बी४ चा लोलक आदळतो त्याच क्षणी सी५ खांद्याला टेकलेली हवी. आधी टेकली तर मधे पोकळी, उशिरा टेकली तर चिखल. सी५-बी४ एकाच्या दोन हातांत, ए४-जी४ दुसऱ्याच्या. मग बी४ वरून ए४ वर जाणं तेवढं दोघांनी मिळून घोटायचं. जी४ वरून सी५ वर येताना थोडी सरमिसळ झाली तरी कानाला बोचत नाही.

घंटेतून तिप्पट कंपनांचा सूरही ठळक ऐकू येतो. बी४ मधून एफशार्प६ निघतो. त्या मापात वर साधा एफ६ असेल तर खटकणारच.

आता आवर्तनांचं. लेहऱ्यासारखा (तबल्यासोबत फिरत राहणाऱ्या धुनेसारखा) बास जसाच्या तसा राहू द्या, वरची धून मात्र ५ मापांची घ्या. दुसऱ्या आवर्तनाच्या समेवर सुरू केली तर दर खेपेला एक माप सरकते आणि २० मापांनी, सातव्याच्या तोंडाशी, पुन्हा समेवर भेटते. धुनेचं प्रत्येक माप चारही बास-सुरांवर येणार, म्हणून भूपाचेच सूर ठेवा: सी, डी, ई, जी, ए. सी लांब धरू नका, बी४ वर घासतो. सातव्यात बास सी६ वरून, खालच्या घंटा गप्प. आठव्यात सगळे. पण आठवं जी४ वर लटकतं, म्हणून ३३वं माप सी५ चं लिहा. गुंजत सोडायची तर तिथेच.

वऱ्हाडी कॉयर: बासच्या चार घंटा आणखी दोघांना शिकवून ठेवा, सूर संथ आहेत, जमतात. आणि मार्टेलाटो (घंटा टेबलावरच्या गादीवर आपटून वाजवणं) लिहिणार असाल तर टेबलावर ४ इंची फोम हवा. कापसाची गादी दबते, घंटेची कड खालच्या लाकडावर बसते आणि तडा जाऊ शकतो.