कावासाकीनंतर मुलाचं व्हिटॅमिन डी ११ आलंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी इथे नेहमी वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय.

आम्ही नाशिकला असतो. मुलगा सव्वातीन वर्षांचा, वजन १३ किलो. गेल्या महिन्यात त्याला ताप आला तो उतरेचना. औषध दिलं की दोन तास बरा, पुन्हा १०३. घसा लाल म्हणून अँटिबायोटिक सुरू झालं. चौथ्या दिवशी डोळे लालबुंद झाले, पण चिपडं अजिबात नाहीत. मग ओठ फुटले, जीभ दाणेदार लाल झाली, पाठीवर पुरळ उठलं. तळपाय इतके सुजले की पोर उभं राहीना. सहाव्या दिवशी दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासलं आणि लगेच कावासाकी म्हणाले (लहान मुलांच्या रक्तवाहिन्यांना सूज आणणारा आजार), त्याच रात्री ॲडमिट केलं. आयव्हीआयजी (शिरेतून द्यायच्या अँटिबॉडीज) २६ ग्रॅम, बारा तास सलाइनमधून. दुसऱ्या दिवशी ताप गेला. इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) डावी कोरोनरी, म्हणजे हृदयाला रक्त पुरवणारी धमनी, किंचित रुंद दिसली. दोन आठवड्यांनी पुन्हा केला तेव्हा रुंदी वाढलेली नव्हती. आता ॲस्पिरिनचा छोटा डोस चालू आहे आणि बोटांच्या टोकांची सालं निघताहेत.

ॲडमिट करताना घेतलेल्या रक्तात व्हिटॅमिन डी ११ आलं. सीआरपी, म्हणजे शरीरातला दाह दाखवणारा आकडा, तेव्हा १४८ होता, खूप वाढलेला. डिस्चार्जच्या गडबडीत त्याबद्दल विचारायचं राहूनच गेलं. घरी रिपोर्ट वाचून सासूबाई म्हणाल्या, "पोराला उन्हात कधी सोडलंच नाही." मी नोकरी करते, तो दिवसभर पाळणाघरात असतो. त्यांचं खोटं नाही, म्हणूनच जास्त लागलं. डी कमी होतं म्हणून त्याला हे झालं का? आणि मेडिकलवाल्या भाच्याने आणून दिलेल्या ६०,००० युनिटच्या पुड्या दर आठवड्याला सुरू करू का?

---

प्रतिसाद १

ताई, माझी मुलगी यातून गेली आहे, तेव्हा हाच प्रश्न मी आमच्या डॉक्टरांना विचारला होता. कावासाकी झालेल्या मुलांत डी कमी असतं असं काही अभ्यासांत दिसलंय. ज्यांच्या कोरोनरीवर परिणाम झाला त्यांच्यात ते आणखी कमी, असंही काहींत आढळलं. पण सोबत दिसलं म्हणजे त्यामुळेच झालं असं होत नाही. शरीरात एवढा दाह पेटलेला असताना रक्तातलं डी आपोआप खाली येतं. सीआरपी १४८ असताना घेतलेला आकडा त्याच्या नेहमीच्या पातळीचा म्हणून धरू नका. सीआरपी नॉर्मल झाल्यावर पुन्हा तपासायचं का, ते विचारा.

डॉ. तोमिसाकु कावासाकींनी टोकियोत पहिला रुग्ण १९६१ साली पाहिला, ५० मुलांची नोंद १९६७ साली छापली. तेव्हापासून आजवर याचं नेमकं कारण कुणाला सापडलेलं नाही. ते पाळणाघरात आणि उन्हात कसं सापडेल?

पुड्या मात्र आपल्या मनाने देऊ नका. बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेच्या २०२२ साली छापलेल्या शिफारशीत वर्षावरच्या मुलांची कमतरता भरून काढायला रोज ३००० युनिट, १२ आठवडे आणि सोबत कॅल्शियम असं आहे. जास्त झालं तर रक्तात कॅल्शियम वाढतं. डोस तुमचे डॉक्टरच ठरवतील.

दुसरं म्हणजे ॲस्पिरिन चालू असेपर्यंत आयबुप्रोफेन देऊ नका. घरात कुणाला फ्लू किंवा कांजिण्या झाल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) आणि कांजिण्यांची लस आयव्हीआयजीनंतर ११ महिने पुढे ढकलतात. लसीच्या कार्डावर तारीख लिहून घ्या.

---

धागाकर्ती

खूप आभार. पुड्या भाच्याला परत दिल्या. सहा आठवड्यांचा इको पुढच्या गुरुवारी आहे, तेव्हा डीचं विचारते. लसीचं मला कुणी सांगितलंच नव्हतं, कार्डावर आत्ताच लिहिलं. तुमचा प्रतिसाद सासूबाईंनाही वाचून दाखवला. त्या काही बोलल्या नाहीत, नातवाच्या पायाला तेल लावत बसल्या. तुमच्या मुलीचा इको आता कसा आहे?