ओल्ड गोवा नीट बघायचंय, बेळगावहून एका दिवसात जमेल का?

अनगोळकर:

नमस्कार मंडळी. गोव्याला आजवर चारपाच वेळा जाणं झालं पण ओल्ड गोवा म्हणजे दरवेळी तेच, बसमधनं उतरा, सेंट झेवियरच्या चर्चमध्ये एक चक्कर मारा, फोटो काढा की परत बसा, बाकी सगळा दिवस बीचवर. मागच्या दिवाळीत एका ट्रॅव्हल्सवाल्याबरोबर गेलो होतो, त्यानं मोजून पंचवीस मिनिटं दिली, वडील दारातली पाटी वाचत उभे होते तोवर ह्याचा हॉर्न सुरू. वडील रिटायर्ड मास्तर, आयुष्यभर इतिहास शिकवला. येताना घाटात काही बोलले नाहीत, जांबोटीला चहाला थांबलो तेव्हा म्हणाले, अरे ती राजधानी होती आणि आपण त्यातली एक खोली बघून आलो. ते मनाला लागलंय.

आता स्वतःची गाडी आहे, आम्ही दोघं, आईवडील आणि नववीतली मुलगी. वडिलांचे गुडघे दुखतात, लांब चालणं होत नाही. पहाटे सहाला निघून रात्री घरी असं करायचंय. काय बघावं, कुठनं सुरुवात करावी आणि आपल्या मराठ्यांच्या इतिहासाशी जोडलेलं काही वाटेत असेल तर तेही सांगा. बीच नको.

खानापूरचा वाटसरू:

दादा, तुमच्या वडिलांचं वाक्य वाचून बरं वाटलं. ओल्ड गोव्यात रस्त्यानं शिरू नका, नदीवरनं शिरा. ते शहर मांडवीकडं तोंड करून बसवलेलं होतं, आपण सगळे मागच्या दारानं जातो म्हणून काही कळत नाही.

जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, केरी, साखळी करत डिचोलीला या आणि तिथनं नार्व्याला जा. नार्व्याला सप्तकोटेश्वराचं देऊळ आहे. हा गोव्यावर राज्य करणाऱ्या कदंब घराण्याचा कुलदेव, मूळ देऊळ समोरच्या दिवाडी बेटावर होतं, ते पोर्तुगीजांच्या काळात पाडलं गेलं आणि देव नदी ओलांडून इकडं आला. 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी ह्या देवळाचा जीर्णोद्धार करायला लावला, तो शिलालेख दारावर आहे, मुलीला बोटानं अक्षर अक्षर वाचायला लावा. अलीकडं डागडुजी होऊन 2023 ला देऊळ परत उघडलं. लांबून बघितलं तर कळसाच्या जागी घुमट दिसेल, पुढं दीपस्तंभ, आणि चहूकडं झाडी, सकाळी तिथं कुणी नसतं. आपल्या हलशीला कदंबांची देवळं बघितली असतील तर ह्याच नावाच्या घराण्याचा धागा तिथनं इथवर येतो हे वडील चांगलं समजावतील.

मग नार्व्याच्या धक्क्यावर गाडी फेरीबोटीत घाला, दिवाडीला उतरा, बेट ओलांडा, दुसरी फेरीबोट घ्या, ती तुम्हाला ओल्ड गोव्याच्या धक्क्यावर सोडते. समोरच कमान. व्हाइसरॉयची कमान म्हणतात. व्हाइसरॉय म्हणजे पोर्तुगालच्या राजाच्या वतीनं इथं कारभार बघणारा, लिस्बनहून नवा आला की जहाजातनं उतरून ह्याच कमानीखालनं शहरात जायचा. वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा इथं व्हाइसरॉय होता, त्यानं 1599 च्या सुमारास बांधली, पणजोबाला कालिकतला पोचून शंभर वर्षं झाली म्हणून, आणि नदीकडच्या बाजूला वर कोनाड्यात पणजोबाचा पुतळा बसवला. आजची कमान 1954 ला परत बांधलेली आहे. पण फेरीबोटीतनं उतरून गाडी तिच्याखालनं जाते तेव्हा हे बंदर होतं हे कुणी सांगावं लागत नाही, मला पहिल्यांदा तिथंच कळलं.

शहापूर पेठ:

वरच्या वाटेला माझा पाठिंबा, फक्त पावसाळ्यात जात असाल तर चोर्ल्याची बातमी बघून निघा, दरड पडली की सगळा दिवस जातो.

कमानीतनं आत आलं की डावीकडं सेंट कॅजेटन चर्च, 1661 चं, रोमच्या सेंट पीटर्सच्या धर्तीवर घुमट. पण त्याच्या आवारात एक काळ्या दगडाची चौकट एकटी उभी आहे, लोक तिच्याकडं बघतसुद्धा नाहीत. तो आदिलशहाच्या वाड्याचा दरवाजा. पोर्तुगीज यायच्या आधी हे विजापूरचं बंदर होतं, पोर्तुगीज सेनापती अल्बुकर्कनं 1510 मध्ये घेतलं. आणि त्याच विजापूरच्या दरबाराचा असदखान लारी आपल्या बेळगावात होता, किल्ल्यातली साफा मशीद त्यानं बांधली. म्हणजे आपला किल्ला आणि ती चौकट एकाच राज्याची. ह्यावर वडिलांना पाच मिनिटं बोलू द्या.

से कॅथेड्रल सेंट कॅथरिनच्या नावाचं आहे, कारण अल्बुकर्कनं गोवं जिंकलं तो 25 नोव्हेंबर तिचा दिवस. बांधकाम 1562 ला सुरू झालं आणि 1619 पर्यंत चाललं. समोरनं एकच बुरूज दिसतो, दुसरा 1776 मध्ये पडला तो परत बांधलाच नाही. शिल्लक बुरुजात मोठी घंटा आहे, सोन्याची घंटा म्हणतात तिला. शेजारी सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी, तिथं मान खाली घालून चाला, फरशी म्हणजे सगळ्या थडग्यांच्या शिळा आहेत, घराण्यांची चिन्हं कोरलेली, चारशे वर्षं पायाखाली येऊन गुळगुळीत झालेली. त्याला लागूनच पुरातत्त्व खात्याचं म्युझियम, शुक्रवारी बंद असतं, तेवढं लक्षात ठेवा. आत एकीकडं व्हाइसरॉयांच्या तसबिरी आणि एकीकडं आपल्याकडच्यासारखे वीरगळ आणि सतीशिळा, एकाच छपराखाली.

आता बॉम जीझस, म्हणजे तुमचं ते सेंट झेवियरचं चर्च. सगळे आत जाऊन झेवियरची शवपेटी बघतात, मी सांगतो आधी बाहेरची भिंत बघा. आमचं जुनं घर जांभ्या दगडाचं होतं, माझे आजोबा दर दोनतीन वर्षांनी उघड्या भिंतीला गिलावा करून घ्यायचे, म्हणायचे जांभा पाऊस पितो. ह्या चर्चलाही गिलावा होता, 1950 च्या दशकात जुनं दगडाचं रूप दिसावं म्हणून काढून टाकला आणि तेव्हापासून भिंत पावसात उघडी आहे. मी हात न लावता जवळनं बघितलं, दगडाला बोट जाईल एवढी भोकं आणि खाली फरशीच्या कडेला तांबडी भुकटी साठलेली. मला फार वाईट वाटलं. 1594 ते 1605 मध्ये बांधलेली भिंत आपल्या डोळ्यांदेखत झिजते आणि येणारा प्रत्येक जण त्या लाल रंगाची तारीफ करून जातो.

टिळकवाडीची वाचक:

वरच्या दोघांनीही सेंट ऑगस्टिनच्या पडक्या चर्चचा आणि मठाचा उल्लेख केला नाही म्हणून लिहितेय. पणजीत तीन वर्षं नोकरीला होते, सुट्टीच्या दिवशी बसनं तिथं जाऊन बसायचे. दादा, बाकी काही कमी केलं तरी चालेल पण हे सोडू नका. गाडी टेकडीवर जवळपर्यंत जाते, बाबांना जास्त चालावं लागणार नाही.

46 मीटर उंच बुरूज, तोही अर्धाच उभा. 1835 ला पोर्तुगीज सरकारनं मठ बंद केले, ऑगस्टिनचे साधू गेले, 1842 ला छप्पर कोसळलं आणि 1931 मध्ये दर्शनी भाग पडला. ह्याची घंटा आता पणजीच्या पायऱ्यांच्या चर्चमध्ये वाजते. आत गेलात की छप्पर नाही, वर आभाळ, खाली गवतातनं थडग्यांच्या शिळा आणि भिंतींना अजून चिकटलेल्या निळ्यापांढऱ्या फरश्यांचे तुकडे. एका कोपऱ्यात निळ्या वेलबुट्टीची अर्धी फरशी आणि तिच्या फटीतनं उगवलेलं आघाड्याचं रोप, ते मला अजून आठवतं.

मुलीला जॉर्जियाच्या राणी केतेवानची गोष्ट सांगा. तिला इराणात शिराजला 1624 मध्ये धर्म सोडत नाही म्हणून मारलं, ऑगस्टिनच्या साधूंनी तिच्या अस्थी गोव्याला आणून ह्या मठात ठेवल्या. पुढं मठच पडला. पुरातत्त्व खात्यानं ढिगारा उपसून हाड शोधलं, हैदराबादच्या प्रयोगशाळेत डीएनए तपासला, आणि 2021 ला भारतानं ते अवशेष जॉर्जियाला दिले. कुठली राणी, कुठं मेली आणि कुठल्या लाल मातीत सापडली, माझी भाची ऐकता ऐकता रडली होती.

मराठ्यांचं विचारलंत म्हणून, झेवियरच्या समाधीसमोर 1683 सांगा. झेवियर 1552 ला चीनजवळच्या बेटावर वारले, देह 1554 ला गोव्यात आला. चांदीची पेटी गोव्याच्याच कारागिरांनी घडवली आणि तिच्याखालचा संगमरवरी चौथरा फ्लॉरेन्सहून आला. संभाजी महाराजांनी 1683 च्या नोव्हेंबरात जुव्याचं बेट घेतलं, तिथनं हे शहर हाकेच्या अंतरावर. व्हाइसरॉय जखमी होऊन परतला आणि ह्या समाधीपाशी येऊन आपला राजदंड त्यानं संताच्या हाती दिला, आता तूच राख म्हणून. पुढं मोगल शहजादा चालून आला आणि महाराजांना मागं फिरावं लागलं. पोर्तुगीज तो चमत्कार मानत आले. त्या जागी उभं राहून महाराज किती जवळ आले होते हे कळलं की अंगावर काटा येतो.

एक मात्र बोलते, शहापूरदादा रागावू नका. मुलीला फक्त पाडापाडी आणि लढाया सांगू नका. इन्क्विझिशन, म्हणजे धर्मावरनं शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय होतं, देवळं गेली, देव फोंड्याकडं पळवावे लागले, हे सांगायलाच हवं. पण हे शहर रोगराईनं ओसाड पडत गेलं, 1759 ला व्हाइसरॉय पणजीला राहायला गेला, 1843 ला राजधानीच तिकडं गेली आणि इथले दगड काढून तिकडं घरं बांधली, आणि ह्या शहरात राहणारे सुतार, कोळी, चांदीकाम करणारे आपलेच लोक होते.

शहापूर पेठ:

रागावण्यासारखं काय त्यात ताई, बरोबर बोललात. आणखी एक आठवलं, माझे आजोबा सांगायचे की 1955 च्या गोवा सत्याग्रहाला जाणारे लोक बेळगावात उतरायचे, घराघरातनं भाकरी गोळा करून त्यांना द्यायचे. त्यांच्या लेखी गोवं परदेश नव्हतं.

अनगोळकर:

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री वडिलांना सगळं वाचून दाखवलं, राजदंडाच्या गोष्टीला म्हणाले पुन्हा वाच. शुक्रवार टाळून पुढच्या शनिवारी निघूलालोय, आधी नार्वे, मग दिवाडीवरनं फेरीबोट, कमान, आदिलशहाची चौकट, कॅथेड्रल, म्युझियम, बॉम जीझस आणि उन्हं उतरल्यावर ऑगस्टिनची टेकडी. घडीची खुर्ची गाडीत टाकतोय, आईनं भाकरी आणि शेंगाचटणी बांधायचं ठरवलंय. परतताना माशेलवरनं साखळीला यायचं म्हणतोय, अंधारात घाट चढताना धुकं असतं का हल्ली, तेवढं कुणी त्या बाजूनं रोज येणाजाणारं असेल तर सांगा.