१५०० मीटर: शेवटच्या लॅपच्या वेळांची तुलना कशी करावी?

शेवटचे_चारशे

रिओ ऑलिंपिकमध्ये (२०१६) मॅथ्यू सेंट्रोविट्झने पुरुषांची १५०० मीटरची अंतिम शर्यत ३:५०.०० अशा वेळेत जिंकली. १९३२ नंतर इतक्या संथ वेळेत हे सुवर्णपदक कोणी मिळवले नव्हते. मात्र त्याचा शेवटचा लॅप (ट्रॅकची ४०० मीटरची एक फेरी) ५०.६२ सेकंदांचा होता. मॉस्कोमध्ये १९८० साली सेबॅस्टियन को याने ३:३८.४ वेळेत सुवर्ण जिंकले, तेव्हा त्याचे शेवटचे ४०० मीटर ५२.२ सेकंदांत झाले होते. लंडनमध्ये २०१२ साली डेव्हिड रुडिशाने ८०० मीटरचा विश्वविक्रम (१:४०.९१) केला, त्यातला दुसरा लॅप ५१.६३ सेकंदांचा होता. केवळ हे तीन आकडे शेजारी ठेवले तर सेंट्रोविट्झ तिघांत सर्वाधिक वेगाने शर्यत संपवणारा ठरतो, आणि ते मला पटत नाही. अशी तुलना न्याय्य रीतीने करण्याची एखादी पद्धत आहे का?

स्टॉपवॉच

शेवटच्या लॅपआधी काय घडले ते हिशेबात घेतल्याशिवाय ही तुलना करता येणार नाही. ३:५०.०० मधून ५०.६२ वजा केले, तर रिओतील पहिल्या ११०० मीटरना २:५९.३८ लागले, म्हणजे ४०० मीटरमागे सुमारे ६५.२ सेकंद, त्या पातळीच्या धावपटूंना हा वेग दमवणारा नाही. को याच्या बाबतीत हाच आकडा सुमारे ६०.४ सेकंद येतो. रुडिशाने तर पहिला लॅपच ४९.२८ सेकंदांत पूर्ण केला होता, त्यामुळे त्याच्या ५१.६३ ला ‘फिनिश’ म्हणण्यापेक्षा टिकवून धरलेला वेग म्हणणे अधिक योग्य. त्याची दोन्ही लॅपची सरासरी ५०.४६ सेकंद आहे, म्हणजे सेंट्रोविट्झच्या एका लॅपपेक्षाही किंचित सरस.

माझ्या मते ‘शेवटचे ४००’ हे मोजमापच तोकडे आहे, कारण वेग कुठून वाढू लागला ते त्यात दिसत नाही. रिओत ८०० मीटरला २:१६.५९ झाले होते, त्यामुळे उरलेले ७०० मीटर सुमारे ९३.४ सेकंदांत पार पडले. मॉस्कोमध्ये पूर्व जर्मनीचा युर्गेन श्ट्राउब ८०० मीटरला सुमारे २:०४.९ मध्ये आघाडीवर होता आणि को त्याच्या पाठोपाठ होता. त्यावरून को याचे शेवटचे ७०० मीटर सुमारे ९३.५ सेकंदांचे ठरतात. ३६ वर्षांच्या अंतराने झालेल्या या दोन शर्यतींचा उत्तरार्ध जवळजवळ तंतोतंत सारखा आहे, पण को याने त्याआधीचे ८०० मीटर साधारण बारा सेकंद लवकर संपवले होते आणि तरीही शेवटचे १०० मीटर तो १२.१ सेकंदांत धावला. हे मला विलक्षण वाटते.

आतली_लेन

वरील हिशेब मान्य करूनही सेंट्रोविट्झला कमी लेखू नये, असे मला वाटते. संथ शर्यतीत जिंकणे हे स्वतंत्र कौशल्य आहे. त्या दिवशी तीन वेळचा विश्वविजेता अ‍ॅस्बेल किप्रॉप सहावा आला आणि लंडनमधील (२०१२) १५०० मीटरचा विजेता तौफिक मखलूफी ०.११ सेकंदांनी मागे राहिला. सेंट्रोविट्झ बहुतांश शर्यतभर आतल्या कडेने पुढे होता. लेनची रुंदी १.२२ मीटर असते, त्यामुळे एक लेन बाहेरून वळण घेणाऱ्याला दर वळणाला सुमारे ३.८ मीटर, म्हणजे त्या वेगाला जवळपास अर्धा सेकंद जास्त धावावे लागते. मागून येणाऱ्याने शेवटच्या लॅपची दोन्ही वळणे बाहेरून घेतली, तर घड्याळात हे अंतर कुठेच दिसत नाही.

डोळ्यांना दिसणाऱ्या ‘किक’बद्दलही (शर्यतीच्या शेवटी एकदम वाढवलेल्या वेगाबद्दलही) सावध राहावे. म्युनिकच्या ८०० मीटरमध्ये (१९७२) डेव्ह वॉटल सुरुवातीला सर्वांत मागे होता आणि शेवटी त्याने येवगेनी अर्झानोव्हला ०.०३ सेकंदांनी मागे टाकले. चित्रफीत पाहताना तो अचानक सुसाट सुटल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात त्याचे २०० मीटरचे चार टप्पे २६.४, २६.९, २६.४ आणि २६.२ असे होते. त्याचा वेग जवळपास एकसारखाच राहिला आणि इतरांचा घसरला.

शेवटचे_चारशे

दोघांचेही आभार. ७०० मीटरची तुलना मला पूर्णपणे पटली. मात्र सुरुवातीपासून वेगवान झालेल्या शर्यतीत ‘फिनिशर’चे महत्त्व संपते का?

स्टॉपवॉच

नाही. पॅरिसमध्ये (२०२४) याकोब इंगेब्रिग्टसनने पहिले ४०० मीटर ५४.८ सेकंदांच्या आसपास नेले ते किकवाल्या धावपटूंची ताकद आधीच संपवण्यासाठीच. तरीही कोल हॉकरने ३:२७.६५ असा ऑलिंपिक विक्रम करत त्याला शेवटच्या सरळ पट्ट्यात आतल्या बाजूने गाठले, आणि इंगेब्रिग्टसन चौथा आला. कोणाची ताकद किती वेगाला संपते हे त्याच्या सहनशक्तीवर ठरते, आणि हॉकरची सहनशक्ती तिथे कमी पडली नाही.

बीडकर

याच संदर्भात आपल्या मांडव्याच्या अविनाश साबळेचे उदाहरण पाहावे. युजीनच्या जागतिक स्पर्धेत (२०२२) ३००० मीटर स्टीपलचेसची (अडथळ्यांवरून धावण्याच्या शर्यतीची) अंतिम फेरी अतिशय संथ झाली आणि सुफियान एल बक्कालीने ती ८:२५.१३ मध्ये जिंकली. साबळेच्या नावावर तेव्हा ८:१२.४८ अशी वेळ होती, पण वेग अखेरीस वाढला तेव्हा तो मागे पडला आणि ८:३१.७५ वेळेसह अकरावा आला. तीन आठवड्यांच्या आत बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत शर्यत वेगाने झाली आणि तिथे त्याने ८:११.२० वेळेत रौप्य जिंकले, सुवर्णापासून केवळ ०.०५ सेकंद दूर. स्टीपलचेसच्या शेवटच्या लॅपमध्ये चार अडथळे आणि एक पाण्याची उडी असते, म्हणून त्या लॅपच्या वेळा सपाट १५०० मीटरच्या वेळांशेजारी ठेवू नयेत.