एक्स्टर्नल हार्ड डिस्क ‘फॉरमॅट करा’ म्हणते आहे. आतील अहिराणी ध्वनिमुद्रणे कशी वाचवावीत?

बोरीकाठ (अमळनेर)

नमस्कार. माझ्याकडे १ टीबी क्षमतेची, यूएसबीवर चालणारी एक्स्टर्नल हार्ड डिस्क आहे. अमळनेर, पारोळा आणि चोपडा तालुक्यांतील गावांमध्ये फिरून मुद्रित केलेली अहिराणी गाणी तिच्यात साठवलेली आहेत. कानबाईच्या उत्सवातील गाणी, हळदीची गाणी, जात्यावरच्या ओव्या असा तो ऐवज आहे. ध्वनिमुद्रणे वेव्ह स्वरूपात, तर चित्रीकरण एमपी४ स्वरूपात आहे. गाणाऱ्या आजीबाईंपैकी काही जणी आता हयात नाहीत, त्यामुळे पुन्हा जाऊन मुद्रण करणे शक्य नाही.

डेस्कटॉपवरून या डिस्कवर फायली उतरवत असताना वीज गेली आणि संगणक बंद पडला. त्यानंतर डिस्क जोडली की दिवा लागतो, ड्राइव्हचे अक्षरही दिसते; मात्र उघडायला गेल्यावर ‘वापरण्यापूर्वी हा ड्राइव्ह फॉरमॅट करावा लागेल’ असा संदेश येतो. डिस्क मॅनेजमेंटमध्ये तिच्यापुढे एनटीएफएस या फायली मांडण्याच्या पद्धतीच्या (फाइल सिस्टिमच्या) नावाऐवजी ‘रॉ’ असे लिहिलेले दिसते. डिस्कमधून वेगळा आवाज येत नाही, पण ती ओळखली जायला पूर्वीपेक्षा बराच वेळ लागतो.

येथील एका दुकानदाराचे म्हणणे असे की, आधी फॉरमॅट मारू आणि मग सॉफ्टवेअरने सगळे परत काढू. हा मार्ग सुरक्षित आहे का? मी अद्याप कशालाही होकार दिलेला नाही.

भुसावळ जंक्शन

फॉरमॅट करण्यापूर्वी चेकडिस्क (विंडोजचा डिस्क तपासणारा प्रोग्रॅम) चालवून पाहावे. कमांड प्रॉम्प्ट उघडून ड्राइव्हच्या अक्षरासह दुरुस्तीचा पर्याय दिला की काम होते. माझा पेनड्राइव्ह त्यानेच सुरळीत झाला होता.

तापीथडी

वरील सल्ला सद्भावनेने दिलेला आहे, परंतु या प्रसंगी तो पाळू नये असे माझे स्पष्ट मत आहे. चेकडिस्कचे काम फाइल सिस्टिमची रचना सुसंगत करणे हे आहे, आपला डेटा वाचवणे हे नव्हे. ज्या नोंदींचा मेळ बसत नाही त्या ते सरळ काढून टाकते, फार तर त्यांचे तुकडे ‘फाउंड’ नावाच्या फोल्डरमध्ये सीएचके या विस्ताराने टाकून देते, आणि हे सर्व मूळ डिस्कवरच लिहिते, म्हणजे मागे फिरण्याची वाट बंद होते. शिवाय ड्राइव्ह ‘रॉ’ दिसत असेल तर चेकडिस्क बहुधा चालण्यासच नकार देते. पेनड्राइव्हमध्ये काही महत्त्वाचे नव्हते म्हणून तेथे ते खपून गेले.

दुकानदाराच्या सल्ल्याविषयी. क्विक फॉरमॅट केल्यावरही पुष्कळ डेटा परत मिळू शकतो हे खरे. पण फाइल सिस्टिमच्या नव्या नोंदी जुन्या नोंदींवर लिहिल्या जातात, आणि त्याच जुन्या नोंदींच्या आधारे आपल्याला फायलींची नावे व फोल्डर परत मिळणार असतात. त्यातही ‘क्विक’ची खूण चुकून काढली गेली तर मामला संपला, कारण विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट संपूर्ण डिस्कवर शून्ये लिहितो आणि त्यानंतर कोणत्याही सॉफ्टवेअरचा उपयोग होत नाही. ज्या रोग्याला वाचवायचे आहे त्याच्यावर आधी हा प्रयोग कशासाठी?

आपल्या वर्णनावरून फाइल सिस्टिमच्या नोंदी बिघडलेल्या दिसतात. एनटीएफएसमध्ये प्रत्येक फाइल कोठे आहे याची नोंद मास्टर फाइल टेबलमध्ये असते आणि ते टेबल कोठे आहे हे विभागाच्या पहिल्या सेक्टरमध्ये (साठवणीच्या छोट्या कप्प्यात), म्हणजे बूट सेक्टरमध्ये लिहिलेले असते. बूट सेक्टर खराब झाला तर विंडोजला पुढचे काहीच कळत नाही आणि ते ‘रॉ’ म्हणून हात वर करते. तलाठ्याचे दप्तर भिजले म्हणून शेत वाहून जात नाही, तसेच हे आहे. मात्र ओळखायला वेळ लागतो, हे आपले वाक्य मला खटकले. केवळ नोंदी बिघडल्या असतील तर डिस्क सहसा मंदावत नाही. मंदावली असेल तर काही सेक्टर वाचताना ती अडखळत असण्याची शक्यता आहे.

म्हणून आधी डिस्कची प्रकृती पाहावी. केबल बदलावी, हब काढून टाकावे आणि डेस्कटॉपच्या मागील बाजूच्या पोर्टला डिस्क थेट जोडावी. यूएसबी २.० चे पोर्ट ५०० मिलिअँपिअर आणि यूएसबी ३.० चे ९०० मिलिअँपिअर विद्युतप्रवाह देण्यास बांधील असते; पुढच्या बाजूच्या सैल पोर्टवर किंवा लांब, स्वस्त केबलवर तेवढा प्रवाह पोहोचत नाही आणि चांगली डिस्कही आजारी वाटू लागते. त्यानंतर क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये स्मार्टचे, म्हणजे डिस्कने स्वतःच्या प्रकृतीविषयी नोंदवलेले, आकडे पाहावेत. तेथे ०५ म्हणजे बदली दिलेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचता न आल्याने प्रलंबित ठेवलेले सेक्टर आणि सी६ म्हणजे दुरुस्त न होणारे सेक्टर. या तिन्हींच्या कच्च्या मूल्यांत शून्य असेल तर बिघाड बहुतांशी नोंदींपुरता आहे. सी५ मध्ये आकडा असेल, आणि विशेषतः तो वाढत असेल, तर पृष्ठभागच खराब होऊ लागला आहे. सी७ वाढलेला असेल तर संशय जोडणीवर घ्यावा. काही डिस्कच्या यूएसबी सर्किटमधून हे आकडे मिळतच नाहीत, तेव्हा कानावर आणि वेगावर भिस्त ठेवावी लागते.

टकटक असा ठराविक अंतराने आवाज येऊ लागला तर त्याच क्षणी डिस्क काढून ठेवावी. वाचणारे हेड तबकडीपासून काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत असते. ते बिघडलेले असताना डिस्क फिरवत राहिल्यास तबकडीवर ओरखडे पडतात आणि मग प्रयोगशाळाही हात टेकते. असे काम स्वच्छ कक्षातच होते, त्यासाठी पुण्या-मुंबईकडे पाठवावे लागते आणि खर्चही बराच येतो. डिस्क फ्रीजमध्ये ठेवण्याचा उपाय कोणी सुचवला तर ऐकू नये. बाहेर काढताच आत दव धरते.

आपल्या बाबतीत मात्र पुढचे पाऊल एकच: मूळ डिस्कवर काहीही न लिहिता तिची सेक्टर-प्रति-सेक्टर प्रतिमा काढणे आणि सर्व उपचार त्या प्रतिमेवर करणे. यासाठी विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या लिनक्स प्रणालीवरील डीडीरेस्क्यू हा मोफत प्रोग्रॅम उत्तम आहे. उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) पेनड्राइव्हवरून सुरू करता येते, संगणकावर बसवावे लागत नाही. प्रतिमा ठेवण्यासाठी १ टीबीपेक्षा मोठी, चांगली डिस्क हवी आणि ती एनटीएफएस किंवा ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल सिस्टिम) पद्धतीची असावी. एफएटी३२ या जुन्या पद्धतीच्या डिस्कवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. विंडोजमध्ये आपली डिस्क ९३१ जीबी दिसते म्हणून ९३१ मोजू नये, प्रत्यक्ष बाइट मोजले तर ते १ लाख कोटी भरतात.

डीडीरेस्क्यूची खुबी अशी की, ते आधी सहज वाचता येणारा भाग उतरवून घेते, अडखळणारा भाग तूर्त सोडून पुढे जाते आणि शेवटी त्या अवघड जागांकडे वळते. पहिल्या फेरीत ‘नो-स्क्रेप’ हा पर्याय द्यावा म्हणजे ते खराब जागा खरवडत बसत नाही. काय वाचले आणि काय राहिले याची नोंद ते मॅपफाइल नावाच्या छोट्या फाइलमध्ये करत राहते. ती प्रतिमेसोबत चांगल्या डिस्कवर ठेवावी, कारण भारनियमनात काम मध्येच थांबले तरी तीच आज्ञा पुन्हा दिल्यावर जेथे राहिले तेथून ते सुरू होते. आपल्या भागात ही सोय किती मोलाची आहे हे वेगळे सांगायला नको. सेकंदाला १०० एमबीचा वेग मिळाला तर १ टीबीला पावणेतीन तासांच्या आसपास लागतात. खराब सेक्टर असतील तर मात्र हिशेब करू नये, वाट पाहावी.

एक धोका जाणीवपूर्वक सांगतो. आज्ञेत आधी मूळ डिस्क येते आणि मग प्रतिमेची फाइल. ही अदलाबदल झाली तर रिकाम्यावरून भरलेल्यावर लिहिले जाण्याचा धोका असतो. लिनक्समध्ये कोणती डिस्क कोणत्या नावाने दिसते हे ‘एलएसबीएलके’ आज्ञेने, आकार आणि मॉडेल पाहून, पडताळावे. शक्य असल्यास शेजारी दुसरे कोणी बसवून मोठ्याने वाचून घ्यावे.

प्रतिमा हाती आल्यावर टेस्टडिस्क हा हरवलेले विभाग व नोंदी शोधणारा प्रोग्रॅम चालवावा. एनटीएफएस आपल्या बूट सेक्टरची एक प्रत विभागाच्या अगदी शेवटच्या सेक्टरमध्ये ठेवते, आणि मास्टर फाइल टेबलच्या पहिल्या चार नोंदींचीही प्रत वेगळी असते. शेवटची प्रत शाबूत असेल तर टेस्टडिस्क ती पुढे आणून बसवते आणि फोल्डरांची यादी जशीच्या तशी समोर येते. पण हेसुद्धा प्रतिमेच्या प्रतीवर करावे, आणि यादी दिसताच फायली तिसऱ्या जागी उतरवून घ्याव्यात.

सातपुडा (शहादा)

तापीथडी यांचे म्हणणे योग्य आहे. टेस्टडिस्कला यादी मिळाली नाही तर त्याच संचातील फोटोरेक वापरावे लागेल, म्हणून थोडी भर घालतो. नाव फोटोरेक असले तरी ते वेव्ह, एमपी४, पीडीएफ, वर्ड अशा असंख्य प्रकारच्या फायली शोधते. ते फाइल सिस्टिमकडे पाहतच नाही. फाइलच्या सुरुवातीची ठराविक खूण ओळखून पुढचा डेटा गोळा करते. याची किंमत अशी की, नावे आणि फोल्डर मिळत नाहीत. ‘एफ’ आणि आकडे अशा नावांच्या हजारो फायली हाती येतात आणि गाव, गायिका, तारीख हे सर्व ऐकून ठरवावे लागते. मुद्रणाच्या सुरुवातीला गाव व नाव बोलून घेण्याची सवय असेल तर ती येथे उपयोगी पडते. दुसरे असे की, फाइलचे तुकडे डिस्कवर विखुरलेले असतील तर फोटोरेक ते नीट जोडू शकत नाही, आणि मोठ्या चित्रफितींना याचा फटका अधिक बसतो.

गाण्यांच्या संहिता जुन्या मराठी फाँटमध्ये टंकित केलेल्या असतील तर आणखी एक काळजी घ्यावी. अशा फायलींच्या आत देवनागरी युनिकोड नसते, इंग्रजी अक्षरांवर बसवलेली आकृती असते. त्यामुळे ‘कानबाई’ हा शब्द टाकून शोध घेतल्यास काहीही सापडणार नाही आणि फाइल परत आलीच नाही असा गैरसमज होईल. तो फाँट बसवून फाइल उघडून पाहावी.

केळीपट्टा (रावेर)

डिस्कचे बाहेरचे आवरण उघडून आतील डिस्क थेट संगणकाला जोडावी, असे कोणी सुचवण्यापूर्वीच लिहून ठेवतो. अडीच इंची पोर्टेबल डिस्कमध्ये अनेकदा यूएसबीचे तोंड मूळ सर्किटवरच असते, साटाची (संगणकाच्या आत डिस्क जोडण्याची) जोडणी नसतेच. काही कंपन्यांच्या डिस्कमध्ये डेटा त्या सर्किटमध्येच कूटबद्ध होतो, मग सर्किट बाजूला केले की उरतो तो केवळ अर्थहीन बाइटांचा ढीग. तसेच दुसऱ्या डिस्कचे सर्किट काढून बसवणेही अलीकडच्या डिस्कमध्ये चालत नाही, कारण प्रत्येक डिस्कची स्वतःची जुळणी तिच्या सर्किटवरील रॉममध्ये साठवलेली असते.

शिवाय हे काम सध्याच्या उन्हात दुपारी करू नये. बऱ्याच पोर्टेबल डिस्कच्या माहितीपत्रकात भोवतालच्या हवेची मर्यादा ३५ अंश सेल्सिअस दिलेली असते आणि आपल्याकडे वैशाखात पारा ४५ च्या आसपास जातो. प्रतिमा काढताना डिस्क सलग तासन्‌तास फिरते. रात्री, पंख्याखाली, इन्व्हर्टरवर काम करावे; लॅपटॉप असेल तर अधिक चांगले.

बोरीकाठ (अमळनेर)

सर्वांचे आभार. दुकानदाराला नकार कळवला. केबल बदलूनही फरक पडला नाही. सी५ मध्ये आकडा निघाला, ०५ मात्र शून्य होता. एका विद्यार्थ्याच्या मदतीने लॅपटॉपवर उबुंटू चालवून रात्रीच्या वेळी प्रतिमा काढली. बहुतांश भाग वेगाने आला, सुरुवातीच्या काही जागांवर मात्र वेग अगदी शून्यावर यायचा. पुढील फेऱ्यांनंतर न वाचलेला भाग काही एमबीवर आला, आणि तेथे थांबलो.

टेस्टडिस्कला शेवटची प्रत शाबूत सापडली. फोल्डरांची नावे जशी होती तशी दिसली, जात्यावरच्या ओव्यांचे फोल्डर पूर्ण उघडते आणि वाजते. चित्रफितींपैकी काही मात्र उघडत नाहीत. त्यांचा आकार योग्य दिसतो, पण प्लेअर ‘फाइल खराब आहे’ असे सांगतो. वीज गेली तेव्हा याच उतरत होत्या. कॅमेऱ्याचे कार्ड त्यानंतर पुन्हा वापरले गेले आहे. यावर काही करता येईल का?

तापीथडी

सी५ असूनही इतके मिळाले, हे चांगले झाले. एमपी४ फाइलमध्ये ‘मूव्ह’ नावाचा एक भाग असतो. कोणती चौकट आणि कोणता आवाज कोठे आहे याचा हिशेब त्यात असतो. पुष्कळ कॅमेरे तो फाइलच्या शेवटी लिहितात. उतरवणे अर्धवट राहिले की चित्र व आवाजाचा डेटा असतो, हिशेब नसतो, आणि प्लेअर फाइल नाकारतो. आकार योग्य दिसणे हा पुरावा नव्हे, कारण विंडोज फायलीची पूर्ण जागा आधीच राखून ठेवते.

अनट्रंक नावाचा मोफत प्रोग्रॅम अशा वेळी उपयोगी पडतो. त्याला त्याच कॅमेऱ्याने, त्याच सेटिंगवर घेतलेली एक चांगली फाइल नमुना म्हणून द्यावी लागते. तिच्या आधारे तो अर्धवट फाइलचा हिशेब नव्याने बांधतो. जेथपर्यंत डेटा खरोखर लिहिला गेला होता तेथपर्यंतचेच चित्र मिळेल, पुढचा भाग शून्यांनी भरलेला असेल तर त्याला उपाय नाही. चित्र जमले नाही तरी आवाज निघतो का हे आवर्जून पाहावे, आपल्याला मुख्यतः गाणेच हवे आहे.

मूळ डिस्क इतक्यात पुसू नये आणि पुन्हा वापरातही घेऊ नये. आधी प्रत्येक फोल्डरमधील काही फायली शेवटपर्यंत वाजवून पाहाव्यात. कार्डावर नंतर मुद्रण झालेले असले तरी ते पूर्ण भरले नसेल तर त्याचीही प्रतिमा काढून फोटोरेक चालवावे. पुसल्या न गेलेल्या भागात त्याच चित्रफिती अखंड सापडण्याची शक्यता आहे. तोपर्यंत ते कार्ड कॅमेऱ्यातून काढून ठेवावे.