पंचवीस सांगितलं तं 52 लिहिते, नोंद काय करू?

हिंगण्याची_बाई:
दुसरीला शिकवते, पट 31. एक पोरगा आहे, पंचवीस म्हटलं की 52 लिहिते, सत्तेचाळीसचे 74. पेपरात मार्क गेले न त्याचे, पण खिचडीच्या वेळी ताटं तोच मोजून मांडते अन् एक जरी कमी पडलं तं सगळ्यात आधी तोच ओरडते. आता नोंदवहीत "संख्याज्ञान कच्चे" लिहू का? लिहावंसं वाटून नाही राहिलं.

कामठीचे_गुरुजी:
मॅडम, ही आपल्या मराठीचीच गंमत आहे, पंचवीसमध्ये आधी पाच ऐकू येते मग वीस, पोरगा ऐकलं तसं उतरवते. 2019 ला बालभारतीनं दुसरीच्या गणितात 'वीस पाच' असं वाचन दिलं होतं ते याच्यासाठीच, केवढी टिंगल झाली होती तेव्हा (मी पण केली). असं करा, दहा-दहा काड्यांचे गठ्ठे अन् थोड्या सुट्ट्या काड्या समोर ठेवा, तोंडी पंचवीस म्हणा. 2 गठ्ठे 5 काड्या उचलल्या तं संख्या कळते, लिहिताना अडते. 5 गठ्ठे 2 काड्या उचलल्या तं मात्र दशक-एकक पहिल्यापासून. पेपरावर दोन्ही पोरं सारखीच दिसतात.

बुटीबोरीवाला:
हे सगळं ठीक आहे पण तपासायला येणारे पेपरच पाहतात बाप्पा

कामठीचे_गुरुजी:
पाहू द्या ना. 2010 च्या जीआरमध्ये पहिली-दुसरीला आकारिक (म्हणजे वर्षभर वर्गात पाहून केलेलं) मूल्यमापन 70 टक्के अन् संकलित (सत्राच्या शेवटचं) 30 टक्के आहे, तोंडीकाम, प्रात्यक्षिक त्या 70 मधेच येते. फक्त तारीख टाकून जे दिसलं तेच लिहा. आमच्याकडं एकानं सगळ्या वर्गाला "वर्गात लक्ष देतो" लिहिलं होतं, मुलींनाही देतो!

हिंगण्याची_बाई:
सर, आज करून पाहिलं. गठ्ठे 2, काड्या 5, एकदम बरोबर. पण मांडताना त्यानं आधी 5 सुट्ट्या डावीकडं ठेवल्या मग गठ्ठे, अन् तसंच पाहून 52 लिहिलं, म्हणजे त्याच्या हिशोबानं बरोबरच की. पाटीवर दोन घरं आखून दिली, डावं गठ्ठ्यांचं. चारपैकी तीन संख्या नीट लिहिल्या, सत्तेचाळीस अजून उलटाच. तारखेसकट हेच लिहून ठेवलं, सोमवारी परत बसवते त्याला.